टॅब कुणाचं ऐकतो?

प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की मला येणाऱ्या फोनांचा सूर ठरलेला असतो. ‘भाई, टॅब आपोआप उघडतायत.’ ‘भाई, अर्ज भरता भरता पान कोरं झालं.’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘व्हायरस असेल ना? दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल.’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं मत स्पष्ट आहे : यातल्या बहुतेक वेळी फॉरमॅटची गरज नसते. फॉरमॅटमध्ये पैसे जातात, कधी घरच्यांचे फोटोही जातात आणि दुखणं राहतंच. कारण दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा असेल, तर ब्राउझरमध्ये जुन्या खात्याने पुन्हा लॉगिन करून सिंक चालू केलं की तेच एक्स्टेन्शन मागच्या दाराने परत येतं.

टॅब स्वतःच्या मनाने काही करत नाही. तो कुणाचं तरी ऐकत असतो. सांगणारे चारच : खुद्द ब्राउझर, त्यात बसवलेलं एक्स्टेन्शन, समोरची वेबसाइट, किंवा संगणकातला दुसरा एखादा प्रोग्राम. (पाचवा कीबोर्ड. चहा सांडून कंट्रोलची कळ अडकली, तर प्रत्येक लिंक नव्या टॅबमध्ये उघडते. हसू नका, हे खरंच होतं.)

यातला कोण, हे शोधायला आधी इन्कॉग्निटो खिडकी उघडून तीच वेबसाइट पाहा. तिथे आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्स बंद असतात. त्रास तिथे थांबला, तर संशय एक्स्टेन्शनवर किंवा साठलेल्या कुकीजवर. मग निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करा. त्रास गेला तर गुन्हेगार त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यांत. आठ असतील तर तीन फेऱ्यांत एकच उरतं. ब्राउझर उघडताच नको ते पान येत असेल, तर सेटिंगमधलं ‘ऑन स्टार्टअप’ बघा आणि विंडोजवर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये शेवटी एखादा पत्ता चिकटवलाय का तेही बघा. ब्राउझर बंद असतानाही ठरावीक वेळी टॅब उघडत असेल, तर सांगणारा बाहेरचा आहे. तेव्हा टास्क शेड्युलर आणि नको ते प्रोग्राम तपासा.

एक्स्टेन्शनबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथेच आपण सगळ्यात बेफिकीर असतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक चांगलं, फुकट एक्स्टेन्शन होतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं. वीस लाखांवर लोक ते वापरत होते. २०२० मध्ये ते दुसऱ्या, अनोळखी हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात मालवेअर आहे म्हणून गूगलने ते बंद केलं. लोकांचे झोपलेले टॅब एका झटक्यात निकामी झाले. अनेकांना ते परत मिळाले, कारण त्या टॅबच्या लांबलचक पत्त्यात शेवटी मूळ पानाचा पत्ता तसाच होता. पण मुद्दा वेगळा आहे. वापरणाऱ्यांनी काहीच नवं बसवलं नव्हतं. मालक बदलला आणि परवानग्या जुन्याच राहिल्या. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी मागणारं एक्स्टेन्शन निव्वळ रंगीत थीमसाठी ठेवू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

पान कोरं होण्यामागे मात्र सहसा कुणाचा डाव नसतो. मोबाइलवर ओटीपी बघायला तुम्ही मेसेजमध्ये जाता, फोनला मेमरी कमी पडते, तो मागचा ब्राउझर बंद करतो. परत आलात की पान नव्याने लोड होतं आणि भरलेलं सगळं जातं. म्हणून ओटीपी वर आलेल्या नोटिफिकेशनमध्येच वाचा आणि लांब उत्तरं आधी नोट्समध्ये लिहून मग चिकटवा. संगणकावरच्या क्रोमची मेमरी सेव्हर सोयही न वापरलेले टॅब झोपवते. सेटिंगच्या परफॉर्मन्स विभागात एखादी साइट कायम जागी ठेवता येते.

आणखी एक प्रकार शांत आणि म्हणूनच धोकादायक आहे. २०१० मध्ये अझा रास्किन यांनी तो दाखवून दिला आणि त्याला ‘टॅबनॅबिंग’ हे नाव मिळालं. तुम्ही दुसऱ्या टॅबवर असताना मागचा टॅब स्वतःचं चिन्ह आणि रूप बदलून मेलच्या लॉगिन पानासारखा दिसू लागतो. तुम्हाला वाटतं, लॉगआउट झालं असेल, आणि तुम्ही पासवर्ड टाकता. नव्या टॅबमधल्या पानाने आधीचा टॅब बदलण्याची वाट पुढे ब्राउझरांनी बरीच बंद केली. क्रोमने ते २०२१ मध्ये केलं. पण पान स्वतःचा वेष अजूनही बदलू शकतं. म्हणून आधीच उघडा असलेला टॅब अचानक पासवर्ड मागू लागला, तर तो बंद करा आणि पत्ता स्वतः टाइप करून जा. ब्राउझरमध्ये जपलेला पासवर्ड नेहमीप्रमाणे आपोआप भरला गेला नाही, तर तीही खूणच समजा.

आता आपल्या घराघरांत होणारा घोटाळा. एका टॅबमध्ये आपाचं खातं, शेजारच्या टॅबमध्ये धाकट्या भावाचं, पोर्टल एकच. टॅब दोन दिसत असले, तरी लॉगिनची कुकी त्यांच्यात सहसा सामाईक असते. भावाचं लॉगिन झालं की आपाचं पुसलं जातं, पण तिच्या टॅबवर जुनं पान तसंच दिसत राहतं. तिथे सबमिट दाबलं की कधी चूक दाखवली जाते, तर कधी तिची माहिती भावाच्या खात्यात जाऊन बसते. मुदत संपायच्या रात्री हे निस्तरायला कुणी नसतं. उपाय सोपा आहे : प्रत्येकासाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल करा. कुकीज वेगळ्या राहतात. दोन इन्कॉग्निटो खिडक्यांनी हे साधत नाही, त्या आपापसात कुकी वाटून घेतात. सायबर कॅफेत प्रोफाइल करता येत नसेल, तर एकाचा अर्ज पूर्ण करा, लॉगआउट करा, मगच दुसऱ्याचा उघडा. आणि पावतीवरचं नाव वाचल्याशिवाय खुर्ची सोडू नका.