शेवटच्या पानावरची बारीक ओळ

वर्तमानपत्र हातात आले की आपण मथळे वाचतो, राशिभविष्य पाहतो, शब्दकोडे सोडवतो. पण शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेली एक ओळ सहसा कोणी वाचत नाही. हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक, अशी ती ओळ असते. माझ्या मते सबंध अंकातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ. वर जे काही लिहिले आहे त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे ती सांगते. चेकवर रक्कम कितीही मोठी लिहा, खाली सही नसेल तर बँकेच्या दृष्टीने तो कागदच. छापलेल्या मजकुराचेही तसेच आहे.

आज हे सांगावेसे वाटते, कारण लिहून प्रसिद्ध करणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले आहे. तालमीची स्मरणिका निघते, सोसायटीचे वार्तापत्र निघते, निवृत्त मंडळी स्वतःच्या खर्चाने आत्मचरित्र काढतात. फार उत्तम! पण कायद्याची गोष्ट काढली की उत्तर ठरलेले असते, "आम्ही काय मोठे पेपरवाले आहोत? दोनशे प्रती काढतो, आम्हाला कसला कायदा?" कायदा प्रती मोजत नाही. तुम्ही लिहिलेले तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचले, की तुम्ही प्रकाशक झालात.

या ओळीचा इतिहास जुना आहे. १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण हवे, वर्तमानपत्र काढणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे तसे प्रतिज्ञापत्र करावे, असा त्याचा दंडक. हेतू उघड होता : कोण काय छापतो यावर सरकारला नजर ठेवायची होती. तरीही स्वातंत्र्यानंतर आपण तो कायदा टाकून दिला नाही. १ जुलै १९५६ पासून वृत्तपत्रांच्या नोंदणीसाठी दिल्लीत स्वतंत्र निबंधक आले आणि दर वर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात मालकीचा तपशील छापण्याची पद्धत सुरू झाली. राज्यकर्त्यांनी पाळतीसाठी मागितलेले नाव हळूहळू वाचकाच्या हक्काचे झाले.

तो जुना कायदा आता गेला. २०२३ मध्ये संसदेने नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा केला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला. जिल्हाधिकारी कचेरीतले प्रतिज्ञापत्राचे हेलपाटे संपले, अर्ज घरबसल्या संगणकावर करता येतो, आणि बहुतेक चुकांना तुरुंगाऐवजी दंड आला. पुस्तके तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच गेली. हा बदल चांगलाच आहे. पण म्हणून पुस्तकावरून प्रकाशकाचे नाव-पत्ता गाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शिवाय १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा अजून कायम आहे. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकाने आपल्या खर्चाने पाठवायची असते. हौसेने पुस्तक काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? टपालखर्च वाचतो खरा, पण पन्नास वर्षांनी कोणी शोधू म्हटले तर ते पुस्तक कोठे सापडणार?

नावाखाली उभे राहणे म्हणजे काय, याचा धडा आपल्या कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे संपादक, बाळ गंगाधर टिळक 'मराठा'चे. दोघेही ऐन पंचविशीतले. त्या वेळी करवीरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा सर्वत्र होती आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे बोट दाखवले जात होते. बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुण्यास पोहोचली. ती खरी मानून दोन्ही पत्रांनी दिवाणांवर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि मुंबईच्या कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते.

या खटल्यात मला तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, दोघांपैकी कोणीही "मी नव्हे, तो" असे म्हटले नाही. अंकावर नाव होते, जबाबदारी घेतली. दुसरी, खटल्याच्या वेळी महात्मा फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. मतभेद कितीही असोत, नावानिशी लिहिणाऱ्याच्या पाठीशी दुसरा माणूस नावानिशी उभा राहतो. जामीनदाराची सही म्हणजे काय असते, हे बँकेत नोकरी केलेल्याला वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट मात्र जिवाला लागते. महाराजांचे हाल ही काही कोणाच्या कल्पनेतली गोष्ट नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, एका गोऱ्या सोल्जरशी झालेल्या झटापटीत त्या तरुण राजाचा अंत झाला. म्हणजे कळकळ खरी होती, दुःख खरे होते. खोटा निघाला तो कागद. आणि त्या कागदामुळे न्यायालयात चर्चा छळाची होण्याऐवजी बनावट पत्रांची झाली. ज्याच्यासाठी लेखणी उचलली, त्याचीच बाजू लंगडी पडली.

काउंटरवर आलेला चेक कितीही ओळखीच्या माणसाने आणलेला असो, नमुना सहीचे कार्ड काढून ताडून पाहिल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत, हा आमच्या नोकरीचा पहिला पाठ. खातेदार कधी कधी दुखावतो, "इतकी वर्षे ओळखता आणि सही तपासता?" म्हणतो. त्याला समजावायचे, "साहेब, तुमच्याच पैशांची काळजी आहे ही." लिहिणाऱ्यानेही हातात आलेले पत्र, फोटो, ऐकीव हकिकत अशीच ताडून घ्यावी.

कायदाही हेच म्हणतो. बदनामीचे जुने ४९९ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, किंवा नव्याने आलेली समाजसेवा. पुष्कळांना वाटते, खरे लिहिले की भीती नाही. फौजदारी कायद्यात तेवढ्याने भागत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. सरकारी नोकराच्या कारभारावर किंवा एखाद्या पुस्तकावर सद्भावनेने मत मांडायला मोकळीक आहे. पण कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे नुसते निर्मळ मन नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेल्या गोष्टीला कायदा सद्भावना म्हणतच नाही. आम्हा कादंबरीकारांनीही ध्यानात ठेवावे, की 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ म्हणजे चिलखत नाही. गल्लीतला माणूस गल्लीला ओळखू आला तर नाव बदलून उपयोग नसतो. मृत व्यक्तीची बदनामीसुद्धा, तिच्या कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूने केली तर, गुन्हा ठरू शकते.

दुसऱ्याच्या लेखनाचेही तसेच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. समीक्षेसाठी चार ओळी नावासह घेणे वेगळे आणि अख्खा लेख उचलून स्मरणिका भरणे वेगळे. त्याहून वाईट म्हणजे, कोणाचीही गुळमुळीत वाक्ये खांडेकरांच्या किंवा पुलंच्या नावावर खपवणे. चोरीत निदान माल तरी खरा असतो!

अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे किंवा लहान मुलाचे नाव, गाव, शाळा, ओळख पटेल असे काहीही छापायचे नाही, हा नियम सर्वांना लागू आहे, सहानुभूतीने लिहिणाऱ्यालाही. वर्गणीदारांची नावे व फोन नंबर यांचीही जपणूक करावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. बँकेत खात्याची गुप्तता पाळणे अंगवळणी पडलेले असते; मंडळाच्या वहीला तोच नियम का नसावा?

म्हणजे कायदा सांगेल ते मान खाली घालून ऐकावे, असे नाही. २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदविषयी चार शब्द लिहिले म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम लावले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. त्यासाठी कोणाला तरी उघडपणे, स्वतःच्या नावाने न्यायालयात जावे लागले. उलट जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या काही मजकुरावरून आपल्या शहरात काय झाले, ते आपण पाहिले. बाजारपेठ बंद, इंटरनेट बंद, घराघरांत काळजी. छापखाना खिशात आला आहे, पण छापण्याआधी प्रूफ वाचणारा डोळा कोणी खिशात घालून दिलेला नाही. तो ज्याचा त्याने ठेवायचा.

तेव्हा घरात कोणी लिहिणारे, छापणारे असेल तर एवढे करावे. मजकुराखाली खरे नाव आणि पत्ता द्यावा. कागद कोठून आला याची नोंद ठेवावी. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याला आधी विचारावे आणि त्याचे म्हणणेही छापावे. फोटो वा उतारा घेतला तर परवानगीचे पत्र फायलीला लावावे. चूक निघाली तर जितक्या मोठ्या अक्षरांत ती झाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती द्यावी. आणि पुढच्या दिवाळी अंकाचे शेवटचे पान लावताना "जागा नाही" म्हणून कोणी ती बारीक ओळ काढू लागला, तर त्याला सांगावे, एखादी जाहिरात कमी घे.