ग्रह, गणना आणि पूर्वग्रह

सूर्यमालेत ग्रह किती, या प्रश्नाचे उत्तर १९३० पासून २००६ पर्यंत ‘नऊ’ असे होते. आज ते ‘आठ’ आहे. वडिलांनी शाळेत पाठ केलेले उत्तर मुलाच्या उत्तरपत्रिकेत चूक ठरावे, ही गोष्ट अनेकांना खटकते. शास्त्रज्ञांचेच जर नक्की ठरत नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा, असेही विचारले जाते. माझ्या मते, हे उत्तर का व कसे बदलले हे समजून घेण्यातच विज्ञानाचे खरे शिक्षण आहे.

असा बदल पूर्वीही घडला आहे. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझी यांना मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सेरेस सापडला आणि तो ग्रह म्हणून गणला गेला. पुढील सहा वर्षांत पॅलस, जुनो आणि व्हेस्टा हेही त्याच प्रदेशात आढळले व ग्रहांच्या यादीत आले. १८४५ नंतर मात्र अशा वस्तूंची रीघ लागली, तेव्हा त्या सर्वांचा ‘लघुग्रह’ हा वेगळा वर्ग मानणे भाग पडले. सेरेसला यादीतून वगळले म्हणून आज कोणी हळहळत नाही.

प्लूटोची कथा याच वळणाची आहे. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांनी आकाशाची छायाचित्रे एकमेकांशी ताडून तो शोधला. टॉमबॉ तेव्हा चोवीस वर्षांचे होते. शेतकरी कुटुंबातले होते आणि महाविद्यालयाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या जवळपास असावे असा आरंभीचा अंदाज होता. १९७८ साली त्याचा कॅरन हा उपग्रह सापडला, त्याच्या भ्रमणावरून गणित करता आले आणि ते वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकेच भरले. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, तर आपल्या चंद्राचा ३,४७४ किलोमीटर. १९९२ मध्ये डेव्हिड ज्यूइट व जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक बर्फाळ वस्तू आढळली, पुढे अशा शेकडो वस्तू सापडल्या आणि प्लूटो हा या कायपर पट्ट्यातीलच एक रहिवासी असल्याचे स्पष्ट झाले. २००५ साली जाहीर झालेला एरिस तर वस्तुमानाने प्लूटोच्या सुमारे सव्वापट निघाला. प्लूटो ग्रह असेल तर एरिस का नाही? हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या संमत केली. ती तीन अटी घालते. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला जवळपास गोल आकार आलेला असावा. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने इतर वस्तूंपासून मोकळा केलेला असावा. प्लूटो पहिल्या दोन अटी पुऱ्या करतो, तिसरी नाही. स्टीव्हन सोटर यांनी त्याच वर्षी केलेली तुलना येथे बोलकी आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या परिसरात जे काही उरलेसुरले आहे, त्या सर्वांच्या सुमारे १७ लाख पट वस्तुमान एकट्या पृथ्वीचे आहे. प्लूटोचे वस्तुमान त्याच्या परिसरातील इतर वस्तूंच्या एकत्रित वस्तुमानाच्या दहाव्या भागाइतकेही नाही. एवढी मोठी दरी निसर्गातच असताना दोहोंना एकाच नावाने संबोधणे मला योग्य वाटत नाही.

यावर आक्षेप असा, की सत्य मतदानाने ठरते काय? हजारो सदस्य असलेल्या संघटनेत त्या दिवशी मत देणारे चारशेहून थोडेच अधिक होते. आक्षेप रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. प्लूटोचे वस्तुमान किती, त्याची कक्षा कशी, हे कोणी मताला टाकले नाही. ते निरीक्षणाने ठरले. मताला टाकला गेला तो एका शब्दाचा अर्थ, आणि शब्द माणसांचे असतात. ते चर्चेने, नियमाने, बहुमताने ठरवणे हीच सभ्य रीत आहे. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती आणि मतगणना यांचे नियम ठाऊक होते, याचे स्मरण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिले होते. त्या परंपरेत वाढणाऱ्या विद्यार्थ्यांना मतदानाचे वावडे असू नये.

मात्र बहुमताने झालेली व्याख्या निर्दोष असते असे नव्हे. या व्याख्येत केवळ सूर्याचा उल्लेख आहे, त्यामुळे इतर ताऱ्यांभोवती फिरणारे हजारो ग्रह तिच्या कक्षेबाहेर राहतात. ‘परिसर मोकळा’ म्हणजे किती मोकळा, याचा आकडा तीत नाही. ॲलन स्टर्न यांच्यासारखे संशोधक तर म्हणतात, की वस्तूची ओळख तिच्या शेजाऱ्यांवरून नव्हे, तिच्या स्वतःच्या घडणीवरून करावी. त्यांच्या नेतृत्वाखालील ‘न्यू होरायझन्स’ यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले, तेव्हा तेथे पाण्याच्या बर्फाचे पर्वत आणि गोठलेल्या नायट्रोजनची विस्तीर्ण मैदाने दिसली. हा युक्तिवाद वजनदार आहे. तो पूर्णतः स्वीकारायचा तर आपला चंद्रही ग्रह ठरू शकतो. म्हणून मी तो स्वीकारत नाही. परंतु व्याख्या दुरुस्त व्हावी, ही मागणी मला मान्य आहे.

मला मुळीच मान्य नाही ती या प्रसंगी वापरली गेलेली भाषा. प्लूटो ‘पदच्युत’ झाला, त्याचा ‘दर्जा घसरला’, त्याची ‘हकालपट्टी’ झाली, असे सर्रास लिहिले गेले. जणू ‘ग्रह’ हे उच्च कुळ आणि ‘बटुग्रह’ हे हलके! प्लूटो आपल्या २४८ वर्षांच्या प्रदक्षिणेत तसाच चालला आहे. त्याचे काही घटले नाही. वर्ग पाडणे म्हणजे उतरंड रचणे नव्हे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हाच विवेक सांगितला आहे. गवत, वृक्ष, कीटक, पशू यांच्यात जन्मतः वेगळाल्या खुणा दिसतात. माणसामाणसांत तशा खुणा नाहीत, तेथील भेद केवळ नावांचे आहेत. तपासता येईल अशी खूण असेल तर वर्ग जरूर करावा. पण त्या वर्गाला उच्चनीचतेची शिडी लावली, की विज्ञान संपते आणि पूर्वग्रह सुरू होतो. ज्यांच्या पूर्वजांनी केवळ नावाखातर अवहेलना सोसली, त्यांच्या मुलांना हा फरक पुस्तकाबाहेरही उपयोगी पडेल.

पंचांगातील नवग्रहांशी या वादाचा संबंध नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या नवांत सूर्य व चंद्र आहेत, राहू-केतू हे आकाशातील केवळ छेदनबिंदू आहेत, आणि ज्या पृथ्वीवर आपण उभे आहोत ती मात्र नाही. प्लूटो यादीत आल्याने कोणाचे भाग्य उजळले नाही, आणि गेल्याने मावळलेही नाही.

२०१६ पासून काही खगोलशास्त्रज्ञ नेपच्यूनच्या फार पलीकडे एक मोठा ग्रह असावा असे गणिताने मांडत आहेत. तो अद्याप कोणाला दिसलेला नाही. उद्या दिसला, तर ‘आठ’ हेही उत्तर बदलेल. म्हणून आपल्या शाळांतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘ग्रह किती?’ हा प्रश्न एका गुणाला ठेवावा आणि ‘प्लूटोला ग्रह म्हणावे की नाही, कारणांसह लिहा’ हा पाच गुणांना. आणि जो विद्यार्थी पुरावा देऊन माझ्या मताच्या नेमके विरुद्ध लिहील, त्याला पाचपैकी पाच द्यावेत.