ब्रेक फेल झाला की ब्रेकची मदत बंद पडली? गाडीचा ब्रेक बूस्टर घरीच असा तपासा

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. ‘ब्रेक फेल’ हे कारण लगेच पुढे आलं. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचं समोर आलं.

अवजड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, कारचे ऑइलवर. पण इंजिन बंद केलं की ब्रेकची ताकद हळूहळू संपते, हे दोन्हीकडे सारखंच. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल टाकून इंजिन बंद करणारे कारचालकही कमी नाहीत.

कारमध्ये ही ताकद येते कुठून? बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीला चिकटलेला काळा गोल डबा दिसतो. तोच ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि इंजिन (डिझेल गाडीत वेगळा पंप) त्या डब्यातली हवा ओढून घेत असतं. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा घुसते आणि पडद्याला पुढे ढकलते. २० सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरला, तर हा जोर साधारण २०० किलोपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तर ट्रॅफिकमध्ये नुसत्या पंजाने गाडी थांबते.

हवा कुठून गळत असेल, तर हा जोर गायब होतो. ब्रेक तेव्हाही लागतो, पण पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. घाबरलेला माणूस याला ‘ब्रेक लागलाच नाही’ म्हणतो.

तपासायचं कसं?

गाडी सपाट आणि मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. गिअर न्यूट्रल (ऑटोमॅटिक असेल तर पार्क) आणि हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. जागचं हललंच नाही, तर गडबड आहे. सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच.

पुढे एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करा आणि पेडल थांबत थांबत दाबा. पहिल्यांदा ते खोल जायला हवं, नंतर दर वेळी थोडं वर थांबायला हवं. पहिल्याच दाबाला कडक लागलं, तर साठवलेला व्हॅक्यूम टिकत नाहीये. शेवटी इंजिन पुन्हा चालू करा, पेडल दाबून धरा आणि तसंच इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल जागेवर राहिलं पाहिजे. ते पायाला वर ढकलू लागलं, तर गळती आहे. पेडलजवळ सतत ‘सूऽऽ’ असा आवाज येणं किंवा ब्रेक दाबताच इंजिन थरथरणं, ही त्याचीच लक्षणं.

पेडल स्पंजसारखं लागत असेल किंवा पाय ठेवल्यावर हळूहळू तळाला जात असेल, तर दोष बहुतेक बूस्टरचा नाही. ऑइलमध्ये हवा शिरलेली असते किंवा मास्टर सिलिंडर गेलेला असतो. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

इलेक्ट्रिक गाड्यांना ही चाचणी जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे जोर इलेक्ट्रिक मोटर किंवा विजेवरच्या पंपातून येतो. डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला, तर गाडी न चालवता सर्व्हिस सेंटरला कळवा.

आणि रस्त्यातच पेडल कडक झालं तर? पुन्हा पुन्हा पंप करू नका, दर दाबाला उरलेली मदतही संपते. एकदाच पूर्ण ताकदीने, लागल्यास दोन्ही पायांनी दाबून धरा आणि गिअर एकेक करून कमी करा. चावी मात्र काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

दर वेळी अख्खा बूस्टरच गेलेला असतो, असंही नाही. बऱ्याचदा इंजिनकडून येणारा रबरी पाइप चिरलेला असतो, नाहीतर त्याच्यावरचा छोटा एकदिशा व्हॉल्व्ह खराब झालेला असतो, आणि दोन्ही बूस्टरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. मेकॅनिक थेट ‘बूस्टर बदलावा लागेल’ म्हणाला, तर हे दोन आधी पाहिलेत का, एवढं विचारा.