पहारेकरी आणि पाहुणा

रेल्वेचे तिकीट काढताना किंवा एखादा अर्ज भरताना संगणकाच्या पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरे उमटतात. ती ओळखून चौकटीत लिहावी लागतात. या कसोटीस ‘कॅप्चा’ म्हणतात. समोर माणूस आहे की संगणकाची आज्ञावली, हे तिच्यावरून ठरवले जाते. आज्ञावली क्षणार्धात शेकडो खोटी खाती उघडू शकते. तेव्हा दाराशी पहारेकरी असणे आवश्यकच आहे. मात्र तो आज अडवतो कोणाला?

सन २००० च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेला आकार दिला. विस्कटलेले अक्षर माणसाला वाचता येते, यंत्राला येत नाही, हे तिचे गृहीतक होते. यंत्रे शिकत गेली, तशी अक्षरे अधिक वाकवली गेली, त्यांवर रेघा ओढल्या गेल्या. अखेर २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केले, की अतिशय विद्रूप अक्षरेही तिची प्रणाली ९९.८ टक्के अचूकतेने वाचते. गृहीतकच ढासळले.

अडखळतो तो माणूस. दृष्टी मंदावलेले वृद्ध, रोमन लिपी उशिरा शिकलेले प्रौढ यांना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांतला भेद कसा कळावा? अंध व्यक्तीची अडचण आणखी खोल आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीस ही अक्षरे वाचता आली, तर घुसखोर आज्ञावलीसही येतील. म्हणून ती मुद्दाम चित्रात दडवलेली असतात. ध्वनीचा पर्याय असतो, पण पुष्कळदा तोही गोंगाटात बुडवलेला!

फसवी चिन्हे वगळल्यास सुरक्षा कमी होईल, ही भीती हिशेबात टिकत नाही. इंग्रजी मोठी अक्षरे व अंक मिळून ३६ चिन्हे होतात. त्यांतून वरील चार वगळली, तरी उरलेल्या ३२ चिन्हांचे सहा अक्षरी १०७ कोटींहून अधिक संच होतात. नुसत्या अंदाजाने ते उलगडत नाहीत. खरा बंदोबस्त अन्यत्र करावा लागतो: एकाच ठिकाणाहून होणाऱ्या प्रयत्नांवर मर्यादा, मोबाईलवर येणारा संकेतांक इत्यादी. वापरकर्त्याच्या हालचालींवरून माणूस ओळखणाऱ्या नव्या पद्धती सोयीच्या आहेत. त्यांत पाळतीचा अंश आहे, हेही विसरता येत नाही.

आणि एक साधी गोष्ट तर कोणत्याही संकेतस्थळाला करता येण्याजोगी आहे. अक्षर चुकले, तर नवे अक्षर द्यावे. अर्ध्या तासात भरलेला अर्ज पुसू नये.