वैमानिकाचे कान

विमान चालवायला नजर तीक्ष्ण लागते, हे शाळकरी पोरही सांगेल. कानांचे नाव कोणी घेत नाही. एके काळी त्यांच्यावाचून चालतही असे. १९११ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पहिल्यांदा विमान नेणारा कॅलब्रेथ रॉजर्स लहानपणच्या आजारामुळे जवळजवळ बहिरा होता. त्याच्या विमानात रेडिओच नव्हता. ऐकायचे तरी कोणाचे?

रेडिओ आला आणि कान कामाला लागले. उंची, दिशा, वेग, सारे आकड्यांत कानावर येते. वैमानिकाने ते ऐकायचे, उलट म्हणून दाखवायचे आणि त्याच वेळी विमानही सांभाळायचे. आमच्या बँकेत एक जण व्हाउचरवरची रक्कम मोठ्याने वाची, दुसरा लेजरात खूण करी. एकोणसाठचे एकोणसत्तर झाले, तर ताळा जुळेपर्यंत घरी जायचे नाही, एवढीच शिक्षा. आकाशातला हिशेब निराळा. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरला उतरू पाहणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू विमानाला २४०० फुटांवर यायला सांगितले गेले, ‘टू फोर झीरो झीरो’ अशा शब्दांत. इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोन, आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ही. वैमानिकांनी ४०० फूट असा अर्थ घेतला. विमान टेकडीवर आदळले, चौघेही गेले. हा घोटाळा बहिरेपणाचा नव्हता. धडधाकट कानांचीही अशी गत होते, तर झिजलेल्या कानांचे काय?

इंजिनांच्या आवाजात वर्षे काढली की आधी उंच पट्टीचे आवाज हरवू लागतात. स, फ, थ ही व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र पोहोचतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण कळत नाही.’ उंच पट्टी रेडिओही छाटतोच. म्हणून तर वैमानिकांच्या बोलीत पाचाला ‘फाइफ’ आणि नवाला ‘नायनर’ म्हणायचा दंडक आहे.

सुटलेली अक्षरे मन भरून काढते, आणि खरा खर्च तिथे होतो. माझे कान आता साठी ओलांडलेले. लग्नाच्या हॉलमध्ये दोन तास नुसता खुर्चीवर बसलो, तरी घरी येईतो डोके शिणते. डोक्यातली शिल्लक मर्यादित. ऐकण्याच्या खात्यावर जादा उचल झाली की विचाराच्या खात्यात खडखडाट. निवांत उड्डाणात हे जाणवणारही नाही. पण पाऊस, आडवा वारा, समोर धावपट्टी, अशा वेळी वैमानिक आकडा अचूक ऐकतो, अचूक म्हणून दाखवतो, आणि क्षणभराने विसरतो. किंवा तो ऐकत असताना काट्याकडे पाहायचे राहते.

आंतरराष्ट्रीय नियमांत श्रवणाची मर्यादा ठरलेली आहे: ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबल. जो तीत बसत नाही, त्याची परीक्षा कॉकपिटसारख्या गोंगाटात घेता येते. माझे म्हणणे असे, की हीच परीक्षा चाळिशीनंतर सरसकट सर्वांची घ्यावी, आणि तीही हाताला दुसरे काम देऊन. शांत खोलीत कोण ऐकत नाही!

अर्थात परवान्यावर पोट असलेला माणूस दोष लपवणारच. चष्म्याचे कोणाला काही वाटत नाही. कर्णयंत्राला मात्र आपण हसतो. बहिरे आजोबा हे आम्हा लेखकमंडळींचे हुकमी हशाचे पात्र. अमेरिकेत कर्णयंत्र लावून तपासणीत उतरणाऱ्यालाही परवाना मिळू शकतो. इतकेच काय, पूर्ण बहिऱ्यालाही तो मिळतो, फक्त रेडिओ लागत नाही अशा उड्डाणांपुरता. रॉजर्सला तो चालला असता.