४११०३३ : चिंचवडच्या पिनकोडमध्ये दडलंय काय?

नवी गाडी घेतली की एमएच-१४ मध्ये ‘आकर्षक क्रमांक’ मिळावा म्हणून जादा शुल्क भरणारे शहरात कमी नाहीत. ७७७ दिसला की डोळे चमकतात. पण चिंचवडगावच्या पत्त्यात हाच ७७७ फुकट मिळतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

संख्या फोडून पाहू

चिंचवडगावचा पिनकोड ४११०३३. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जाणार. उत्तर १,३७,०११. त्याला ७ ने भागा, १९,५७३ येतात. इथे बहुतेक जण थांबतात. ११, १३, १७, १९ कशानेच भाग जात नाही. २३ ने मात्र जातो : ८५१. पुन्हा २३ ने भागा : ३७.

म्हणजे ४११०३३ = ३ × ७ × २३ × २३ × ३७. यातले ३, ७ आणि ३७ गुणले की ७७७. चिंचवडचा पिन म्हणजे ७७७ गुणिले २३ चा वर्ग!

हा शुभसंकेत वगैरे नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली, ती पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. ४११ म्हणजे पुणे, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. शेजारच्या चिंचवड पूर्वचा ४११०१९ फोडा : ७ × ७१ × ८२७. त्यात असं काही गोड निघत नाही.

कापरेकरांची कसोटी

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी चार अंकी संख्यांसाठी ६१७४ शोधला. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ येतोच. हीच रीत आपल्या पिनला लावा : ४३३११० − ०११३३४ = ४२१७७६. चौथ्या पायरीला ८५१७४२ येतो आणि अकराव्या पायरीला पुन्हा तोच. पुढे सात संख्यांचं चक्र फिरतच राहतं. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा.

याचा उपयोग काय?

मोबाइल क्षणात उत्तर देतो, मग डोकं कशाला शिणवायचं, असं पालक विचारतात. सहा अंकांपुरतं ते खरं आहे. पण इंटरनेटवरच्या व्यवहारांच्या सुरक्षेत वापरली जाणारी आरएसए पद्धत उभी आहे ती नेमकी यावर, की दोन प्रचंड मूळ संख्या गुणणं सोपं आणि तो गुणाकार फोडणं महाकठीण. २०२० मध्ये अशी २५० अंकी संख्या फोडायला जगभरातले हजारो संगणक काही महिने राबले. बँकेच्या ॲपमागचं गणित मूळ अवयवांच्या त्याच धड्यातून सुरू होतं, जो आपण मसावि-लसाविच्या गुणांपुरता उरकतो.

मायक्रॉनपर्यंत मोजमाप करणाऱ्या कारखान्यांचं हे शहर. इथल्या शाळांनी पाठ्यपुस्तकातल्या ३६ आणि ४८ सोबत मुलांना स्वतःचा पिनकोड, घरच्या गाडीचा नंबर फोडायला द्यावा. त्याला ना निधी लागतो ना परिपत्रक. उत्तर पाठ करता येत नाही, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाही, शोधावंच लागतं. आकड्याचं खरं आकर्षण पाटीवर नसतं, त्याच्या अवयवांत असतं. आज तुमचा पिन फोडून बघाच.