पावित्र्याचें माप कोणाच्या हातीं?

मुलीचें कौमार्य म्हणजे कुळाची अब्रू, हें वाक्य ज्यानें ऐकिलें नाहीं असा वाचक विरळा. परंतु ही अब्रू कोणत्या मुलीस असते व कोणत्या मुलीस नसते, हें ठरवितो कोण? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, व त्याचें उत्तर अमेरिकेच्या इतिहासांत शोधीत आहों. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. तेव्हांपासून तेथील काळ्या बंधुभगिनींचें दुःख आम्हांस परकें नाहीं.

१६६२ सालीं व्हर्जिनिया वसाहतीनें कायदा केला कीं, आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. म्हणजे धन्यानें दासीवर जुलूम करावा व जन्मलेलें मूल आपल्याच मालमत्तेंत जमा करावें. गाय व्याली कीं वासरूं धन्याचें, तोच हा न्याय! १८५५ सालीं मिसूरी राज्यांत सीलिया नांवाच्या तरुण दासीनें, सुमारें चौदाव्या वर्षापासून आपल्यावर बलात्कार करणाऱ्या धन्यास ठार मारिलें. अब्रू राखण्यासाठीं प्रतिकार करण्याचा हक्क तेथील कायदा स्त्रीस देत होता. परंतु न्यायाधीशानें त्याचा आधार दासीस घेऊं दिला नाहीं, व त्याच वर्षीं ती फांशीं गेली. १८५९ सालीं मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयानें दहा वर्षांच्या आंतील एका गुलाम मुलीवरील बलात्काराची शिक्षा रद्द केली. कारण काय, तर गुलाम मुलीस त्या कायद्याचें संरक्षणच नव्हतें!

हा जुलूम झाला. पुढील लबाडी त्याहून भारी. जिला अब्रू राखूं दिली नाहीं, तीच जातीनें कामुक, असा डांगोरा पिटण्यांत आला. चोरानें घर लुटावें आणि घरवाल्यास दरिद्री म्हणून हिणवावें, त्यांतलाच हा प्रकार. गोऱ्या मुलीचें कौमार्य देवघरांत व काळ्या मुलीचें शरीर बाजारांत. आणि दोहोंच्या किल्ल्या एकाच पुरुषाच्या कमरेस!

गुलामींतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्स यांनीं १८६१ सालीं आत्मचरित्र छापून सांगितलें कीं, दास स्त्रीस इतरांच्या मापानें मोजूं नका. १८९५ सालीं एका गोऱ्या संपादकानें सरसकट काळ्या स्त्रियांस वेश्या व चोर ठरविणारें पत्र लिहिलें. त्या संतापाच्या लाटेंत त्या एकवटल्या व १८९६ सालीं त्यांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला. आपण शीलवान आहों हें जगास दाखवून देणें, हाही त्यांच्या कार्याचा एक भाग झाला. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु धन्याचें माप आपण हातीं घेतलें, कीं तें एक दिवस आपल्याच लेकीस लागतें.

तसें झालेंही. २ मार्च १९५५ रोजीं माँटगोमेरी शहरांत क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीनें बसमधील जागा सोडण्याचें नाकारिलें व ती पकडली गेली. रोझा पार्क्स यांच्या आधीं नऊ महिने ही गोष्ट घडली. परंतु पुढाऱ्यांनीं तिला लढ्याच्या अग्रभागीं आणिलें नाहीं. तिच्या कोवळ्या वयाचें कारण होतेंच. पण लग्नावांचून तिला दिवस गेले, हेंही पुढें आडवें आलें. आणि १९५६ सालीं बसमधील वर्णभेद ज्या दाव्यानें मोडला, त्यांतील एक वादी हीच मुलगी होती!

हें सारें जुनें झालें असें कोणी म्हणेल, तर त्यानें जॉर्जटाऊन विद्यापीठाची २०१७ सालची पाहणी वाचावी. पांच ते चौदा वर्षांच्या काळ्या मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षां कमी निरागस आहेत, असें मोठ्या माणसांस वाटतें, हें तींत दिसून आलें. आणि आमच्याकडे? चंद्रपूर जिल्ह्यांतील एका आदिवासी मुलीच्या खटल्यांत १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोघां पोलिसांस निर्दोष सोडलें. त्या निकालांतही तिला संभोगाची संवय असल्याची नोंद आलीच.

कौमार्य तपासण्यास शास्त्राचा आधार नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं बजाविलें आहे. आमचें म्हणणें त्यापुढें आहे. स्त्रीस पवित्र ठरवूनही मोजूं नका, अपवित्र ठरवूनही मोजूं नका. तिची संमति होती कीं नव्हती, एवढेंच विचारा. शिवाशिवीचें सोवळें आम्ही झुगारलें म्हणतों. मग तेंच सोवळें आपल्या मुलींच्या अंगावर कां घालावें?